काजू फेणी : गोव्यातल्या घरगुती भट्टीवर नेमकं काय होतं?

गोव्यात सत्तरी, पेडणे, काणकोण या भागांत काजूच्या हंगामात अनेक कुटुंबांच्या छोट्या भट्ट्या पेटतात. भट्टी बघायची असेल तर मार्च ते मे या काळातच जावं. पावसाळ्यात ती थंड असते.

फेणी कशी बनते?
पिकून खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचतात. बी वेगळी करून बोंडू दगडी कुंडीत तुडवतात किंवा यंत्रात दाबतात. रस काही दिवस आपोआप आंबतो, त्यात यीस्ट घालत नाहीत. मग तो भांड्यात लाकडाच्या जाळावर उकळून वाफ थंड करतात. पहिल्यांदा मिळतो तो हलका हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचा. तोच आंबलेल्या रसासोबत पुन्हा गाळला की फेणी, ४० टक्क्यांच्या वर.

कायदा काय सांगतो?
गोव्यात भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे. शेजारच्या सिंधुदुर्गातही काजू भरपूर होतो. पण तिथे शेतकऱ्याला पैसे मिळतात ते मुख्यतः बीचे. काही बोंडू गोव्यातल्या भट्ट्यांवर जातात, बरेचसे बागेतच कुजतात.