वर्क फ्रॉम होम आणि कलम ३९

वारज्यात हायवेलगतच्या सोसायट्यांमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या कुणालाही विचारा, ‘वर्क फ्रॉम होम’ २०२० च्या लॉकडाऊनपासून सुरू झालं असंच सांगतील. तुम्ही या विषयावर संशोधन करणार असाल, तर तिथून सुरुवात करू नका. विडीपासून करा.

१९६६ चा, २०२५ मध्ये रद्द झालेला विडी आणि सिगार कामगार कायदा काढून वाचा. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून पानं-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणारी बाईही त्यात कामगार ठरत होती. तिचे तास लवचिकच की! चूल, मुलं सांभाळून वळायचं. पण विड्या द्यायला गेली, की ‘खराब’ म्हणून किती बाजूला काढायच्या ते समोरचा ठरवणार, आणि मजुरी तर नगावर. म्हणून कलम ३९ मध्ये कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे वाद झटपट सोडवायची तरतूद आली. मला अख्ख्या कायद्यात हेच कलम सगळ्यात बोलकं वाटतं.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही पीठ घरी नेऊन पापड लाटले जातात. पण तिथे लाटणारीच मालक.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामावर करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. शिवाय अधूनमधून घरून काम करणारा नोकरदार त्यात बसतच नाही.

तेव्हा मुलाखतीत ‘घरून काम आवडतं का?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, वीजबिल कोण भरतं आणि केलेलं काम नापास कोण करतं?