‘भाडं सरकार भरणार होतं ना?’

४. टाळेबंदीच्या पाचव्या दिवशी, २९ मार्च २०२० रोजी, दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी पत्रकार परिषदेत घरमालकांना भाड्याचा तगादा लावू नका असं सांगितलं. गरिबीमुळे ज्याला भाडं देता येणार नाही, त्याचं सरकार भरेल, असा शब्दही दिला. लेखिकेच्या शेजारणीचा प्रश्न या शब्दाला धरून आहे. मात्र अर्ज कुठं करायचा, कुणाकडे, कोणत्या कागदावर, याची व्यवस्था झालीच नाही. काही मजूर भाडेकरू आणि एक घरमालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी मुख्यमंत्र्यांचं आश्वासन वाऱ्यावर सोडता येत नाही असं ठरवून सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली.

भाड्यासाठी सरकारी मदतीची व्यवस्था इतरत्र आहे. अमेरिकेत १९७४ पासून चालत आलेल्या योजनेत भाडेकरू आता साधारणपणे उत्पन्नाचा ३० टक्के वाटा भरतो आणि उरलेलं भाडं स्थानिक गृहनिर्माण संस्था थेट घरमालकाला देते; तिथेही प्रतीक्षायादी लांबलचक असते. आपल्याकडे २०१५ च्या भाडेघर धोरणाच्या मसुद्यात अशा मदतीसाठी भाडेकुपनांचा विचार होता. पण दिल्लीच्या कापसहेड्यातल्या खोलीचं भाडं रोख दिलं जातं, पावती क्वचितच मिळते. कुपन आलं असतं तरी आपण भाडेकरू आहोत हे लेखिकेच्या शेजारणीने कोणत्या कागदाने दाखवलं असतं? पुढच्या प्रकरणातली पावतीची भांडणं वाचताना हे ध्यानात ठेवावं. — संपा.