शिरपूरचं सिमेंट कुठे अडलं?

ऑगस्ट 1981. तुम्ही शिरपूरच्या तहसील कचेरीत, पुरवठा शाखेच्या खिडकीपाशी उभे आहात. शेतातल्या विहिरीचं बांधकाम अर्धवट आहे आणि पावसानं कडेची माती ढासळू लागली आहे. पैसे आहेत, गवंडी आहे, पण सिमेंट नाही. ते दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. सरकारी नियंत्रण आहे, परमिट लागतं. परमिट मिळालं तरी माल यावा लागतो.

'भाऊसाहेब, परमिट उनं का?'

'अजून नही उनं. सोमवारले या.'

शेजारच्या बाकावर एक म्हातारी अर्ज घेऊन बसली आहे. संजय गांधी निराधार योजनेचा. तीही याच सरकारची, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांची. तिला महिन्याकाठी चार पैसे मिळतील आणि ती त्यांना मनापासून दुवा देईल. हे विसरू नका. पुढे जे दिसणार आहे ते अशाच माणसाबद्दलचं आहे, म्हणून ते लिहायला जास्त छाती लागली.

आता आग्रा रोडनं निघा. तापीचा पूल, धुळे, नाशिक, कसारा घाट, मुंबई. नरिमन पॉइंटला एक्सप्रेस टॉवर्स. 31 ऑगस्टच्या 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला आहे, 'इंदिरा गांधी अ‍ॅज कॉमर्स'. शौरी या पत्राचे कार्यकारी संपादक, मालक रामनाथ गोएंका. अंक उघडा आणि सावकाश वाचा.

लेखात कुणाच्या घरी मध्यरात्री दिलेल्या पेट्या नाहीत. आहेत ते न्यास. मुख्यमंत्र्यांनी उभारलेले, त्यातला एक इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. नाव पंतप्रधानांचं, उद्देश कलावंतांना मदत. देणगी चेकनं, पावती रीतसर. एकटी देणग्यांची यादी पाहिली तर उदार माणसांची नावं दिसतात. बिल्डर आहेत, साखर कारखाने आहेत. एकटी सिमेंट वाटपाची यादी पाहिली तर कोटा मंजूर झालेले अर्जदार दिसतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवा, नावं जुळवा, मग तारखा जुळवा. तुमच्या पोटात गोळा येईल.

शोधपत्रकारितेचं खरं काम मला इथं दिसतं. गुपित तिजोरीत असतं असं आपण समजतो. बऱ्याचदा ते दोन वेगळ्या खात्यांत, दोन साध्या फायलींत पडलेलं असतं आणि त्या फायली एका टेबलावर कधी येत नाहीत. त्या आणणारा माणूस लागतो, आतून कागद दाखवायला धजावणारा कारकून लागतो, आणि छापायला तयार असलेला मालक लागतो. यातला एक जरी कच्चा निघाला तरी विहीर ढासळत राहते आणि कारण कळत नाही.

संसदेत गदारोळ झाला. पण छापून आलेली बातमी म्हणजे पुरावा नव्हे, ती कोर्टात टिकावी लागते. पी. बी. सामंत, मृणाल गोरे अशी विरोधी पक्षांतली मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. बिल्डरांना सिमेंट मिळालं ते गरज पाहून नव्हे, तर देणगीच्या बदल्यात, हा त्याचा गाभा. अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं. पूर्ण उठायला 1989 उजाडलं.

फौजदारी बाजू मात्र रेंगाळली. अंतुल्यांविरुद्ध रामदास नायक यांनी केलेली तक्रार 1984 मध्ये आणि पुन्हा 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजली, ती प्रामुख्यानं मंजुरी कुणाची लागते आणि खटला कुठल्या न्यायालयात चालावा यावर. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले.

एक गोष्ट मला अजून खटकते. या प्रकरणाच्या आठवणींत मुंबईचे बिल्डर येतात, दिल्लीचे पुढारी येतात. खिडकीपाशी उभा असलेला शेतकरी येत नाही. टंचाईच्या काळात कुणाला जादा मिळालं, तर कुणाच्या तरी वाट्याचं कमी झालंच असणार. ती तिसरी यादी, परमिटाची वाट पाहणाऱ्यांची, तालुक्यातालुक्यात पडून होती. ती जोडायला खानदेशातलाच बातमीदार हवा होता.

त्या काळी ती यादी मागायचा हक्कच नव्हता. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. आता दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागा. त्याच अर्जात प्रतीक्षा यादीही मागा, मंजुरीच्या तारखांसकट. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि अर्जाची पोच हरवू देऊ नका.