परळचे दोन धडे आणि एक विषाणु

सांथ साऱ्या गांवावर येते, पण गांवांतील सगळ्यांस सारखीच ग्रासीत नाहीं, हा अनुभव फार जुना आहे. ह्या भेदाचें कारण आमच्या पूर्वजांनीं कधीं प्राक्तनांत शोधिलें, कधीं पथ्यांत, कधीं पुण्याईंत. मुंबईच्या करी रोड स्थानकावर उतरून लालबागेवरून परळकडे चालूं लागलें असतां कोसभराच्या आंत एक जुनी वास्तु लागते. ह्या प्रश्नाच्या शास्त्रीय इतिहासांतील दोन मोठे धडे त्या वास्तूशीं निगडित आहेत, आणि एच. आय. व्ही. ह्या विषाणूविषयीं अलीकडे जें कळलें आहे, तें त्या दोहोंच्या संगमावर उभें आहे, असें आम्हांस वाटतें.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. पहिला धडा हा कीं, शरीराच्या रक्षकांस शत्रूची ओळख आगाऊ पटवितां येते.

दुसरा धडा ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषीनें शिकविला. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांस एक प्रकारचा घातक पांडुरोग होत असे. त्याचें मूळ शोधण्यास विल्सबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या व त्यांनीं हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम केलें. उणीव अन्नांत निघाली. मार्माइटसारख्या यीस्टच्या अर्कानें ह्या स्त्रिया बऱ्या होतात, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य, म्हणजे फॉलिक आम्ल, पुढें निराळें काढण्यांत आलें. त्यावांचून शरीरास नव्या पेशी नीट घडवितां येत नाहींत.

एक धडा ओळखीचा, दुसरा शिध्याचा. पुष्कळ वर्षें हीं दोन शास्त्रें एका घरांत अबोला धरून वावरणाऱ्या जावांसारखीं वेगवेगळीं नांदलीं.

भारतांत एच. आय. व्ही. प्रथम आढळला तो १९८६ सालीं चेन्नईंत, डॉ. सुनीति सोलोमन व सेलप्पन निर्मला यांच्या तपासणींत. हा विषाणु प्रतिकारशक्तीच्या सेनापतीवरच, म्हणजे सीडी-४ नांवाच्या पांढऱ्या पेशींवर, घाला घालतो. औषध न घेतल्यास बहुतेकांची प्रकृति कांहीं वर्षांत ढांसळते. परंतु शेंकडा एकाहूनहि कमी बाधितांत तो औषधावांचून इतका दबून राहतो कीं, नेहमींच्या रक्ततपासणींत त्याचें मोजमाप लागत नाहीं.

असें कां व्हावें? पहिलें उत्तर हाफकिन यांच्या धड्यास धरून मिळालें. पेशी आपल्या आंत शिरलेल्या शत्रूचे तुकडे कांहीं रेणूंवर मांडून मारक पेशींस दाखवितात. त्या रेणूंच्या घडणींतील आनुवंशिक भेदांस येथें मोठें महत्त्व आहे, हें २०१० सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासांत दिसलें. पण अनुकूल घडण असूनहि पुष्कळांस विषाणु आवरत नाहीं; ओळख पटली तरी लढण्यास बळ हवें.

तें बळ कोठून येतें, हें पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें. कांहींचा विषाणु आपोआप दबला होता, कांहींचा औषधानें. दोघांच्याहि मारक पेशी त्यांनीं ताडून पाहिल्या. दुसऱ्या गटाच्या पेशी मुख्यतः शर्करेवर विसंबून होत्या. पहिल्या गटाच्या पेशी इतर इंधनहि तंतुकणिकांच्या भट्टींत वापरूं शकत. गिरणगांवास हें सहज समजेल. येथील गिरण्या पूर्वीं कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची वीज आली. ज्या गिरणीस दोन्ही चालतात, ती कोळसा संपला म्हणून बंद पडत नाहीं. विशेष हें कीं, इंटरल्यूकिन-१५ ह्या द्रव्याच्या योगानें प्रयोगशाळेंत दुर्बळ पेशींची चयापचयक्रिया सुधारली व विषाणु आवरण्याची त्यांची शक्ति वाढली. त्याच वर्षीं तेथील दुसऱ्या अभ्यासांत आढळलें कीं, ज्या सीडी-४ पेशींची चयापचयक्रिया जोरांत असते, त्यांनाच विषाणु अधिक बाधतो. रक्षकाचें बळ आणि चोराचें पोषण, दोन्ही इंधनावरच!

येथें एक इशारा अवश्य आहे. विल्सबाईंच्या रुग्णांस अन्नांतील उणीव भरून बरें करतां आलें. येथें प्रश्न ताटांतील अन्नाचा नसून तें इंधन पेशी कसें वापरते ह्याचा आहे. एखादें चूर्ण घेऊन 'आतां प्रतिकारशक्ति वाढली' अशा समजुतीनें जो औषध सोडतो, तो जीव धोक्यांत घालतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून हीं औषधें मोफत मिळूं लागलीं; २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीहि असो, प्रत्येक बाधितास तीं द्यावीं असें धोरण आहे. नियमित औषधानें विषाणु मोजमापाखालीं राहिला, तर तो शरीरसंबंधांतून दुसऱ्यास लागत नाहीं.

प्लेगच्या काळीं भयानें घरचे रुग्ण लपविले जात, एच. आय. व्ही.च्या काळीं बाधितांनाच घराबाहेर काढलें गेलें. ज्या थोड्यांस हा विषाणु आपोआप आवरतो, ते अधिक पुण्यवान नाहींत. आणि ज्यांस आवरत नाहीं, ते अधिक पापी नाहींत. इतकें जरी आमच्या घराघरांतून मान्य झालें, तरी परळच्या त्या दोन धड्यांचें चीज झालें असें आम्ही समजूं.