दत्तू भोकनळ : चांदवडचा कातळ आणि दोन हजार मीटर पाणी

दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ साली नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथे झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनाच्या एकेरी शर्यतीत उतरलेले, आणि त्या ऑलिंपिकमधील नौकानयनातले एकमेव भारतीय खेळाडू, ही त्यांची पहिली ओळख. त्यांच्या तालुक्यात नाव वल्हवावी एवढी बारमाही नदी नाही. त्यामुळे त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात पाण्याच्या टंचाईपासूनच करावी लागते.

नाशिक जिल्ह्यात पाऊस फार विषम पडतो. पश्चिमेला इगतपुरीत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने ओसरतो आणि चांदवड, येवला, नांदगाव या पट्ट्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. रेणुकामातेचे देवस्थान आणि होळकरांचा रंगमहाल यांमुळे चांदवडचे नाव सर्वदूर पोचले असले, तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे सगळे गणित विहिरीवर चालते. कांदा असो की द्राक्ष, उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की पीक हातचे जाते. म्हणून जुनी विहीर खोल करणे, नवी पाडणे, हे काम या भागात कधी संपत नाही आणि त्यावर जगणारी माणसेही पुष्कळ. बबन भोकनळ त्यांपैकीच एक होते.

वरची माती आणि मुरूम निघायला वेळ लागत नाही. त्याखाली मांजऱ्या खडक लागतो आणि मग काळा कातळ. कातळात भोके पाडून सुरुंग ठासायचे, बार उडाला की धूर निवळेपर्यंत वर थांबायचे, मग आत उतरून सुटलेले दगड घणाने फोडायचे आणि यारीच्या पाटीत भरायचे. पाटी वर गेली की पुढची येईपर्यंतच काय तो विसावा. खोली अजूनही परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात आणि मोबदला ठरतो तो खोदलेल्या कामावर. किती घाम गाळला, हे कोणी मोजत नाही. दत्तू शाळकरी वयातच वडिलांबरोबर या कामाला लागले. त्यासाठी मध्यंतरी शाळा सुटली. ती पुन्हा धरल्यावरही रात्री पेट्रोल पंपावर नोकरी करून शिक्षण चालू ठेवावे लागले. २०११ मध्ये वडील वारले आणि घरातला थोरला मुलगा म्हणून आईची व धाकट्या भावांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

२०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले. उत्तर महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांतून लष्करात जाण्याची वाट जुनी आहे. ठरलेला पगार आणि दोन वेळचे पोटभर जेवण ही त्यामागची कारणे साधी, पण भक्कम. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना प्रशिक्षक कुदरत अली यांचे लक्ष सहा फुटांवर उंची असलेल्या या जवानाकडे गेले आणि त्यांनी दत्तूंना नौकानयनाकडे वळवले. सुरुवातीला पाण्याची भीती वाटत असे, असे दत्तूंनी स्वतः सांगितले आहे. विहिरीपलीकडे मोठे पाणी त्यांनी फारसे पाहिलेच नव्हते.

भारतात हा खेळ आला तो इंग्रजांच्या क्लबांतून. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, तर पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरचा रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ चा. संस्थेचे सभासदत्व आणि महागडी नाव परवडणाऱ्यांपुरताच हा खेळ शंभर वर्षे राहिला. भारतीय नौकानयन महासंघ १९७६ मध्ये स्थापन झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत नौकानयनाचा प्रथमच समावेश झाला आणि त्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या. पुढे लष्कराने या खेळात पैसा आणि माणसे घातली. पुण्यातील दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या पाण्यावर जवानांचे नियमित प्रशिक्षण सुरू झाले. शेतकरी आणि मजुरांच्या घरांतली मुले या नावांत बसू लागली ती इथून, आणि भारतीय नौकानयनाच्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा बदल म्हटला पाहिजे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीचे, आणि भारताचे या खेळातले पहिले, सुवर्णपदक जिंकणारे बजरंगलाल ताखर हेही लष्कराचेच.

एकेरी शर्यत दोन हजार मीटरची असते. नाव सुमारे आठ मीटर लांब, वजनाला अवघी चौदा किलो आणि इतकी अरुंद, की वल्ही आत घेतली तर ती उलटते. खेळाडू दिशेकडे पाठ करून बसतो. गुडघे छातीशी आणून तो पाती पाण्यात बुडवतो, मग पाय रेटतो, सरकती बैठक मागे जाते, पाठ उघडते आणि हात सर्वांत शेवटी ओढले जातात. बघणाऱ्याला वाटते हातांचे काम, पण जोर मुख्यतः मांड्यांचा आणि पाठीचा. सात मिनिटांत असे दोनशेहून अधिक फटके मारायचे असतात. कातळ फोडण्याने शरीर कणखर होते हे खरे, तरीही घण मारणारा प्रत्येक जण नाव वल्हवू शकत नाही. तोल आणि लय शिकाव्याच लागतात, आणि दत्तूंनी त्या ज्या वेगाने आत्मसात केल्या त्यालाच दाद द्यायला हवी. २०१२ पर्यंत नाव ठाऊक नसलेला हा माणूस २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीचे रौप्यपदक घेऊन आला.

एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिंपिकची आशियाई पात्रता शर्यत झाली. त्याच सुमारास अपघातात डोक्याला मार लागून आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मुलाला ओळखण्याच्याही स्थितीत नव्हती. दत्तूंनी ७ मिनिटे ७.६३ सेकंदांत दुसरा क्रमांक मिळवून रिओ गाठले.

रिओमध्ये लागोआ सरोवरावर प्राथमिक फेरी पार करून ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले, तिथे ६ मिनिटे ५९.८९ सेकंदांत चौथे आले आणि पदकाची संधी हुकली. त्यानंतरच्या क्रमवारीच्या शर्यतींत त्यांनी क गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकून तेरावा क्रमांक निश्चित केला. त्या दिवशी न्यूझीलंडचा माहे ड्रायसडेल आणि क्रोएशियाचा डामिर मार्टिन दोघेही ६ मिनिटे ४१.३४ सेकंदांत आले आणि सुवर्णपदकाचा निर्णय छायाचित्र पाहून झाला. त्या वेळेपासून दत्तू साडेतेरा सेकंद मागे होते. या खेळात एवढे अंतर मोठे असते. तरी बीजिंगमध्ये ताखर एकविसावे आणि लंडनमध्ये स्वर्ण सिंग सोळावे आले होते, हे ध्यानात घेतले की भारतीय एकेरी किती पुढे सरकली ते कळते.

आशियाई सुवर्ण मात्र दत्तूंना एकेरीत मिळाले नाही. २०१८ च्या स्पर्धेत पालेमबांगच्या जकाबारिंग येथे एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारपणाने गळालेले दत्तू सहावे आले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत ते चौघांच्या दुवल्ही शर्यतीत उतरले आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताने सुवर्ण जिंकले. इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. आशियाई स्पर्धांतील नौकानयनात भारताचे हे दुसरेच सुवर्ण. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला चौघांच्या नावेत आपली जागा राखावी लागते, कारण एकाचा फटका चुकला तर चौघांची लय मोडते. त्यामुळे दत्तूंच्या साऱ्या कामगिरीत ही शर्यत सर्वांत कठीण मानावी लागेल.

२०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग या लष्करी जोडीने हलक्या वजनाच्या दुहेरीत अकरावा क्रमांक मिळवून भारताची ऑलिंपिकमधील मजल आणखी पुढे नेली. एकेरीत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बलराज पंवार तेविसावे आले, आणि चांदवडच्या दत्तू भोकनळ यांचा तेरावा क्रमांक भारतीयांत वरचढ राहिला.