मोरीच्या कोपऱ्यातला खांब

जून तोंडावर आला की मुंबईत दरवर्षी एक यादी जाहीर होते. दुरुस्ती मंडळाचे अभियंते जुन्या इमारतींची पाहणी करतात, काही इमारती ‘अतिधोकादायक’ ठरतात आणि रहिवाशांना घर सोडण्याच्या नोटिसा जातात. अनेक जण जायला तयार नसतात. संक्रमण शिबिरात गेलेला माणूस आपल्या जुन्या पत्त्यावर परत येतोच असे नाही, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेले असते.

तसे पाहिले तर घराची तपासणी या शहराला नवी नाही. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाठोपाठ सरकारी पथके घराघरांत शिरली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या साऱ्यांची नजर हवा, उजेड आणि गटार यांवर होती. रोगाच्या भीतीने आलेला माणूस खांब ठोकून पाहत नाही.

खांबाचा प्रश्न पुढे आला तो भाड्यातून. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते प्रमाण भाडे. गिरणी कामगाराला, कारकुनाला या कायद्याने डोक्यावर छप्पर राखून दिले, हे विसरून चालणार नाही. पण सागवान, चुना आणि गवंड्याची मजुरी काही १९४० मध्ये थांबली नाही. मालक म्हणू लागला, या भाड्यात मी दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणू लागला, दुसऱ्याच्या इमारतीवर मी पैसे का घालू? दोघांचेही म्हणणे खरे होते आणि दोघांच्या मध्ये पाइप गळत होता.

अखेर १९६९ मध्ये कायदा झाला, दुरुस्तीचा उपकर लागला आणि मंडळ स्थापन झाले. १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. त्यांपैकी १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. भाडे गोठले तीच ही तारीख! पुढे हे काम म्हाडाकडे आले. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा असते. ती वेळोवेळी वाढवली गेली. पण इमारतीचे आयुष्य ठरवताना कुजलेल्या तुळईइतकाच हा आकडाही महत्त्वाचा राहिला.

गिरगाव-काळबादेवीकडच्या या जुन्या इमारतींत तपासणीला गेलेला जाणता अभियंता दर्शनी भिंतीकडे फार वेळ पाहत नाही. तो आधी मोरी शोधतो. या इमारतींचा सांगाडा सागवानी, मधे विटा आणि चुना. लाकूड कोरडे असेल तर शंभर वर्षे सहज टिकते. पण मोरीच्या आणि सामाईक संडासाच्या बाजूला भिंतीत दडलेली तुळईची टोके रोज थोडी थोडी भिजतात. बाहेरून रंग ठीक असतो, आतले लाकूड भुसभुशीत झालेले असते. पेचकस टोचला की मुठीपर्यंत आत जातो. ओल्या लाकडामागोमाग वाळवी येतेच. त्यातच कुणी तरी मोरीत जुन्या लादीवर नवी लादी बसवलेली असते, म्हणजे कुजक्या लाकडावर ओझे आणखी वाढले. चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा दिला, तर आतली ओल बाहेर पडायची वाटही बंद होते. आपल्याकडे याला ‘पक्के काम’ म्हणतात.

दुसरी हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे बिडाच्या पाइपाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ. दरवर्षी तो वरून छाटला जातो आणि मुळे भिंतीत जाड होत राहतात. मुळासकट काढून ती जागा नीट भरून घेतल्याशिवाय त्याचा उपद्रव थांबत नाही.

काँक्रीट आले तेव्हा वाटले, हे दुखणे संपले. पण सळईला पाणी आणि हवा लागली की ती गंजते, गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. छताचा पोपडा पडला की आपण तो लिंपून टाकतो. आतला गंज तसाच राहतो. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला कोसळलेली इमारत काँक्रीटचीच होती. तिला उणीपुरी पस्तीस वर्षेही झाली नव्हती आणि ती महापालिकेच्याच मालकीची होती. ६१ माणसे गेली.

मुंबईत तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे आता कायद्याने बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. अहवाल येतो, सर्वसाधारण सभेत खर्चाचा आकडा वाचला जातो आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. तळमजल्याला गच्चीची गळती दिसत नाही आणि वरच्या मजल्याला तळाचा खांब दिसत नाही, ही खरी अडचण.

अहवालाची वाट न पाहताही घरच्या माणसाला बरेच काही कळू शकते. मे महिन्यात गच्चीवर जाऊन पाणी जाण्याची तोंडे मोकळी करावीत. नहाणी ट्रॅपभोवती आणि खालच्या घराच्या छतावर ओल आहे का, ते पाहावे. गिलाव्यावर टिचकी मारावी. बद्द आवाज आला तर तो आतून सुटला आहे. एखादे दार अचानक चौकटीत घासू लागले, तर सुताराआधी अभियंत्याला बोलवावे. भिंतीची भेग वाढते आहे का, हे पाहण्याची जुनी रीत अजूनही चालते: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. काच तडकली, तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवायचे आणि त्या भिंतीलगतच्या खोलीत रात्री कुणी झोपायचे नाही.