भिंत कुणाची, नाव कुणाचं?

भिंतीवर कोण लिहितं? ज्याला छापील कागदात जागा नाही तो. आपल्या कर्जत-खालापुरातल्या वस्त्यांच्या भिंती बघा. कुठं गेरूनं, कुठं निळीनं लिहिलेलं ‘जय भीम’. लिहिणाऱ्या पोराचं नाव कुठंच नाही. दिवाळीला चुना फिरला की अक्षरंही जातात. इतिहासाच्या पुस्तकांत अशा भिंती येत नाहीत. म्हणून खोपोलीकडं मिलमध्ये पाळ्या करणारा मी हे लिहायला बसलो.

भिंतीवरची कला मोठ्या गॅलरीत गेली, त्याचं आपल्या मुलखातलं उदाहरण डहाणूचं. तेव्हा जिल्हा ठाणे, २०१४ पासून पालघर. वारल्यांच्या घरी लग्न असलं की कुडाची भिंत शेणागेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं अन् बांबूच्या काडीनं चौक लिहायचा. मधे पालघट देवी. हे काम सवाशिणींचं. लग्न उरकलं, पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली की चित्र संपलं. त्या बायांची नावं कुणी टिपली नाहीत.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच मातीतले. लहानपणी आई गेली अन् पोराचं बोलणंच बंद झालं. ते धुळीत चित्रं काढून बोलायचे. पुढं बायांचं हे काम त्यांनी हातात घेतलं. लग्न असो-नसो, रोज काढायचं. मासळीचं जाळं, शेत, मुंग्या, सगळं. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार पाड्यावर आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांची चित्रं लागली. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात गेली. २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले.

शिकलेले लोक म्हणतात, कुलकर्ण्यांनी म्हशांचा ‘शोध’ लावला. कागद कुलकर्ण्यांनी आणला, हे खरं. त्याबद्दल त्यांचं नाव घेऊच. पण हात काही त्यांनी आणला नव्हता. तो हात पिढ्यान्‌पिढ्या बायांनी घडवला होता.

आता दुसरी भिंत बघा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्या अमेरिकेत, न्यूयॉर्कमध्ये, जाँ-मिशेल बास्किया नावाचा काळा पोरगा १९७८च्या सुमारास मित्राबरोबर ‘सेमो’ या नावानं भिंतीवर लिहायचा. चित्रकलेची पदवी नाही. दोन-तीन वर्षांत गॅलरीवाले त्याच्या मागं लागले. त्याच शहरात १९८३ साली मायकेल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी पकडलं. आरोप काय, तर भुयारी रेल्वेच्या स्टेशनात भिंतीवर लिहिलं. पोलिसांच्या ताब्यातच तो बेशुद्ध पडला अन् १३ दिवसांनी मेला. १९८५ साली सहाही पोलीस सुटले. ज्युरीत एकसुद्धा काळा नव्हता. बास्कियानं त्या मरणाचं चित्र काढलं, तेही भिंतीवरच, कीथ हॅरिंग या चित्रकाराच्या स्टुडिओत. बास्किया १९८८ साली २७व्या वर्षी गेला. २०१७ साली त्याचं एक चित्र ११ कोटी डॉलरला विकलं गेलं.

म्हणजे भिंतीवर लिहिलं म्हणून एकाला डोक्यावर घेतलं, दुसऱ्याचा जीव गेला. अन् डहाणूत एकाचं नाव झालं, बाया बिननावाच्या राहिल्या. गॅलरी एकालाच आत घेते. आत गेलेल्याचा दोष नाही. म्हशांनी मेहनतीनं मिळवलं ते त्यांचंच. पण बाहेर राहिलेल्यांचा हिशेब गॅलरी ठेवणार नाही. तो आपणच ठेवायचा.

बाबासाहेबांनी १९२० सालीच ‘मूकनायक’ काढून आपलं म्हणणं कागदावर आणलं. आपण निदान एक वही घालू. कुठली वस्ती, कुठली भिंत, कुठलं साल, कुणाचा हात. चौक लिहिणाऱ्या म्हाताऱ्या अजून पाड्यांवर आहेत, त्यांचंही नाव विचारा. पुढची दिवाळी यायच्या आत, पोरांनो. चुना कुणासाठी थांबत नाही.